पुसून येतों

व्यासराजांनी कानांवरचा हेडफोन एका बाजूनं उचलला, खालच्या रस्त्यावरचा बसचा हॉर्न संपेपर्यंत थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "जी."

काचेपलीकडे बसलेल्या क्षितिजनं हात गोल फिरवला. म्हणजे अजून एकदा.

"काका, आवाज मस्त आहे, पण शिपाई घाबरल्यासारखा वाटतोय."

राजानं हाक मारल्यावर शिपाई घाबरणारच, असं व्यासराज इंग्रजीत म्हणाले. मायक्रोफोनपुढच्या ओळी सोडल्या तर ते या मुलांशी इंग्रजीतच बोलत. क्षितिज हसला, आणि मग हाच ठेवू म्हणाला.

ती ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे खरं तर एक मोठं कपाट होतं. चेन्नईत टी. नगरमधल्या एका साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर ही लहानशी कंपनी होती. कपाटाला आतून गाद्या ठोकल्या होत्या, तरी आडी या तमिळ महिन्यातल्या सेलची गर्दी खालून गुणगुणत राही. कंपनीकडे एका परदेशी व्हिडिओ गेमची पुरवणी बनवायचं काम होतं. मूळ खेळ युरोपातल्या जुन्या राजांचा, किल्ल्यांचा आणि वेढ्यांचा. पुरवणीत तो चौदाव्या शतकातल्या दख्खनेत येणार होता. नवे गड, दमणारे घोडे, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटा, वेढ्यात आटत जाणारी पाण्याची टाकी, असं पुष्कळ काही त्यात नवं होतं. आणि शिपायांवर क्लिक केलं की ते आपापल्या भाषेत बोलणार होते.

मराठी शिपायांसाठी व्यासराजांचा आवाज घ्यायची कल्पना अर्चनाची. ती पुण्याची, या पुरवणीची प्रमुख, आणि वेलचेरीला व्यासराजांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारी. एकदा जिन्यात तिनं त्यांना बायकोशी बोलताना ऐकलं. "किल्ली कोठें ठेविलीस?" एवढंच ते म्हणाले होते. खाली उतरून गेलेली अर्चना परत वर आली.

"काका, तुम्ही मराठी बोलता? आणि अशी? ही तर जुन्या कागदपत्रांतली मराठी आहे."

व्यासराजांना ती थट्टा वाटली. त्यांच्या घराण्याची मराठी तंजावरची. कित्येक पिढ्या ती घरातल्या घरातच राहिली होती. बाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी. रेल्वेच्या नोकरीत असताना ते एकदाच, प्रशिक्षणासाठी, पुण्याला राहिले होते. तिथले खोलीतले सोबती "राव, परत म्हणा, परत म्हणा," असं करत त्यांच्याकडून एकेक शब्द वदवून घेत आणि लोटपोट होत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तेव्हापासून महाराष्ट्रातलं कोणी भेटलं, की व्यासराज इंग्रजीच्या आडोशाला जात. अर्चनाला होकार द्यायला त्यांनी इतके दिवस घेतले, की शेवटी तो त्यांच्या बायकोनं, अंबुजानंच देऊन टाकला.

अंबुजा बाहेरच्या खुर्चीत कॉफीचा फ्लास्क मांडीवर घेऊन बसली होती. हे एकटे आले तर बस चुकतील, असं तिनं अर्चनाला सांगितलं होतं. खालच्या सेलबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"आता शेवटचं," क्षितिज म्हणाला. अर्चना त्या दिवशी तापानं घरी होती, त्यामुळे सगळं त्याच्यावर आलं होतं. "हा हेजीब. म्हणजे राजाचा वकील. लढाईआधी समोरच्या गडावर जाऊन बोलणी करणार. मूळ खेळात हे नाहीच आहे. अर्चनानं सांगितलंय, काकांना कागद वाचू देऊ नकोस, घरी बोलतात तसं बोलू दे. तर राजा म्हणाला, त्या गडावर जाऊन ये. तुम्ही निघताय. काय म्हणाल?"

व्यासराजांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. वडील त्यांना समोरच्या घरी काही निरोप घेऊन पाठवायचे, तेव्हा उंबऱ्यातून ते काय म्हणत असत, ते त्यांना आठवावं लागलं नाही.

"पुसून येतों," ते म्हणाले.

क्षितिजच्या भुवया वर गेल्या. त्यानं काही क्षण पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांकडे पाहिलं.

"बाप रे," तो म्हणाला. "हा पहिलाच ठेवायचा. परत नको."

पहिल्याच प्रयत्नात जमलेली ती त्यांची एकुलती एक ओळ. परतीच्या बसमध्ये व्यासराज खिडकीला टेकून बसले होते. अंबुजानं कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एक बेस झालें." आणि मग वेलचेरी येईपर्यंत, काही कारण नसताना, दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

आवाज खेळात बसवून झाल्यावर अर्चनानं दोघांना पाहायला बोलावलं. ती पडद्यासमोर त्यांना खुर्च्या देत होती, पण तिचा चेहरा उतरलेला होता.

"आधी वाईट बातमी सांगते, काका. हेजीब काढून टाकला."

तिनं पडद्यावर तो दाखवला. पागोटं, अंगरखा, कमरेला शेला, सगळं नीट होतं. पण दोन्ही हात आडवे पसरून तो शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा होता.

"त्याचा चित्रकार नोकरी सोडून गेला. चालणं, वाकणं, हात जोडणं, काहीच झालं नाही. आणि परवा मूळ कंपनीची माणसं बघायला येतायत. हा असा उभा दिसला तर हसतील." तिनं त्याला पडद्यावरून घालवला. "माझं सगळ्यात आवडतं फीचर होतं. लढाईशिवाय गड मिळू शकतो, असं ह्या खेळात पहिल्यांदाच होणार होतं."

"पण तुमची ओळ आम्ही वाया घालवली नाही," क्षितिज मागून म्हणाला. "खरं सांगू का, वकिलाच्या तोंडी मला ती जरा जास्तच वाटली होती. आता बघा कुठे बसलीय."

पडद्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. क्षितिजनं भालेवाल्या घोडेस्वारांची तुकडी निवडली आणि गावावर क्लिक केलं.

"पुसून येतों," व्यासराजांचा आवाज म्हणाला. सौम्य, थोडा घाईतला. घोडे उधळले, मशाली फेकल्या गेल्या, आणि घरांची छपरं एकामागून एक पेटू लागली.

"काटा येतो की नाही अंगावर?" क्षितिज म्हणाला. "ओरडणं नाही, शिवी नाही. शांतपणे सांगतो, पुसून येतो. नामोनिशाण पुसून टाकतो."

व्यासराजांनी हातातला कॉफीचा पेला टेबलावर ठेवला. त्यांच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं. दुसरा अर्थच नव्हता. फरशी पुसायला त्यांच्याकडे तमिळ शब्द होता. आपला स्वार भाला रोखून, मशाल घेऊन, गाव जाळायला निघाला होता आणि जाताना नम्रपणे सांगत होता, की जरा विचारून येतो.

शेजारी अंबुजाच्या बांगड्या वाजल्या. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते.

"अहो, हा कोणास पुसायास चालला? घर जाळूं कां म्हणून?"

"उगी राहा," व्यासराज ओठांतल्या ओठांत म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट दाबलं.

"काय झालं काकू?" अर्चनानं विचारलं.

व्यासराजांनी इंग्रजीत सांगितलं, की काही नाही, तिला घोडे फार आवडले.

अंबुजानं मनगट सोडवून घेतलं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तेव्हा ती म्हणाली, "सांगायचें नाहीं कां त्यांस?"

"काय सांगूं?"

"कीं पुसणें म्हणजे पुसणें."

"त्यांच्यांत पुसणें म्हणजे निराळें. मग म्हणतील, ह्यांस मराठी येत नाहीं. उगाच म्हाताऱ्यास आणिलें. परवां लोक यायचे आहेत. पुण्याचा कोणी नट आणतील आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत माझें अस्की काढून टाकितील."

"अस्की कां म्हणून? एका शब्दापायीं?"

"एक चुकला म्हणजे बाकीचे बरोबर कशावरून?"

अंबुजानं त्यांच्याकडे पाहिलं. "मराठी येत नाहीं, तर जन्मभर माझ्याशीं काय बोललां?"

पुढच्या बाकावरची बाई मागं वळून पाहू लागली. व्यासराजांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"न सांगाल तर काय होईल तें सांगूं?" अंबुजा आवाज न उतरवता म्हणाली. "तो घोड्यावरचा पोर जगभर घरें जाळीत फिरेल, तुमच्या आवाजांत, पुसून येतों पुसून येतों म्हणत. आपल्या लोकांतलें कोणी ऐकेल तें काय म्हणेल? व्यासराजास कोठें काय बोलावें तेंहि कळत नाहीं."

घरी आल्यावर व्यासराजांनी कपडेही न बदलता कपाटातून मराठी शब्दकोशाचा जाड खंड काढला. खिडकीत अजून उजेड होता. 'पुसणें' एकाखाली एक दोनदा छापलेलं होतं. एकाचा अर्थ विचारणं, दुसऱ्याचा स्वच्छ करणं. ते पहिल्या अर्थावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खंडाचं पहिलं पान उलटून छापल्याचं साल पाहिलं, आणि खंड मिटून ठेवला. कोश त्यांच्याहून म्हातारा होता.

सकाळी त्यांनी इंग्रजीत चार वाक्यं जुळवली. बसमध्ये ती मनातल्या मनात म्हणत राहिले. दिलगिरी, गैरसमज, माझ्या बोलीची मर्यादा, आपण योग्य तो निर्णय घ्यावा. अंबुजा शेजारी बसली होती. कालपासून ती कामापुरतंच बोलत होती, आणि तेही तमिळमध्ये.

अर्चना आणि क्षितिज एकाच पडद्यावर वाकलेले होते. व्यासराज त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. चार वाक्यांतलं पहिलं त्यांनी शोधलं. ते सापडलं नाही.

"मुली," ते म्हणाले, "तो स्वार पुसायास चालला आहे."

अर्चना वळली. त्यांच्या तोंडून, मायक्रोफोन समोर नसताना, तिला उद्देशून, ती पहिल्यांदाच ही भाषा ऐकत होती.

"हो काका. गाव पुसायला."

"नाहीं. गावास पुसायास." त्यांनी पडद्यावरच्या स्वाराकडे बोट केलं. "आम्हीं पुसणें म्हणजे विचारणें म्हणतों. क्षितिज म्हणाला, वकील गडावर निघाला. म्हणून मी म्हणालों, विचारून येतों. तुमच्या मराठींत तें चुकलें. आतां माझें अस्की काढून टाका. दुसरें कोणी आणा. मी रागावणार नाहीं."

क्षितिजचा कान लाल झाला. त्यानं माऊस सोडून दिला. "म्हणजे तो," तो म्हणाला, "गाव जाळायला जाताना..." आणि त्याला पुढे बोलवेना. त्यानं डोकं टेबलावर टेकलं. तो हसत होता.

व्यासराज ते हसणं ओळखत होते. ते परत म्हणा, परत म्हणा, अशी वाट पाहत उभे राहिले.

"मीच गाढव," क्षितिज टेबलावरूनच म्हणाला. "माझी आजी म्हणायची की. कुणाला पुसून गेला होतास रे, म्हणून. नाशिकला. कायम म्हणायची. आणि मी काका वकिलाच्या तोंडी धमकी घालतायत समजलो."

"काढायचं काहीच नाही," अर्चना म्हणाली. पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पडद्यावर थांबलेल्या घोडेस्वाराकडे पाहत होती. "क्षितिज, हेजीबाचं काय अडलं होतं?"

"हालचाली. चालत नव्हता, वाकत नव्हता."

"बोलणी करायचा भाग?"

"तो लिहून झालाय. नुसता बंद केलाय."

"मग वेगळा माणूस कशाला हवा? हा चालतो, घोडा आहे, निघताना पुसून येतों म्हणतो." ते दोन शब्द तिनं अगदी त्यांच्यासारखे, शेवटी नाकात थोडं थांबून म्हटले. "हाच जाईल. आधी विचारेल. नाही म्हणाले तर मग लढाई."

क्षितिजनं डोकं वर केलं. "भाला रोखून विचारेल?"

दाराजवळच्या खुर्चीतून अंबुजा म्हणाली, "भाला खालीं करून जाईल. त्यास काय?"

"दमलेला स्वार भाला खाली धरतो," क्षितिज हळूच म्हणाला. "ती हालचाल आहे आपल्याकडे." आणि तो कीबोर्डवर वाकला.

व्यासराजांना कोणीतरी खुर्ची दिली. अर्चना कॉफी सांगायला गेली, परत आली, क्षितिजच्या खांद्यावरून पाहू लागली. खालच्या दुकानातून भोंग्यावर सेलचे दर सांगत होते. एकदा खेळ बंद पडला. एकदा घोडा गडाच्या भिंतीतून आरपार गेला आणि तिघंही हसले, त्यात व्यासराजही होते. मग, जेवायची वेळ टळून गेल्यावर, क्षितिजनं खुर्ची मागे घेतली.

"पुसून येतों," स्वार म्हणाला. तो एकटाच निघाला. भाला खाली, घोडा चालीवर. वेढ्याच्या तंबूंमधून बाहेर पडून तो चढ चढला आणि गडाच्या बंद दरवाजासमोर उभा राहिला.

आणि उभाच राहिला. बुरुजावर निशाण हलत होतं.

"आता गडानं उत्तर द्यायला हवं," क्षितिज म्हणाला. "पण ते रेकॉर्डच नाही केलेलं. हेजीब त्याआधीच गेला." त्यानं व्यासराजांकडे पाहिलं. "काका, कपाटात चलता? एकच ओळ."

व्यासराज उठले. कपाटाचं दार त्यांनी उघडलं, आतला दिवा लावला, पण ते आत गेले नाहीत. दार धरून ते उभे राहिले.

"अंबुजा," ते म्हणाले. "तूं ये."

"मी? मी कशास?" ती मराठीत म्हणाली. "उगी राहा म्हणणारे कोण होते?"

"मीच होतों."

"मग?"

"मग ये."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग फ्लास्क खुर्चीवर ठेवून, पदर खोचून आली. हेडफोन तिच्या गजऱ्यावर बसेना. व्यासराजांनी तो दोन्ही हातांनी सैल केला आणि फुलं न चुरगळता कानांवर ठेवला. दार लावून घेतलं.

अर्चनानं तिला बाहेरून समजावलं. "काकू, तुम्ही गडावर आहात. गड तुमचा. खाली शत्रूचा वेढा आहे. टाक्यांतलं पाणी तळाला गेलंय. आणि दारात त्यांचा स्वार आलाय, विचारायला, की गड देता का. काय म्हणाल?"

"एकटाच आला?"

"एकटाच."

"उन्हांतून?"

अर्चनानं क्षितिजकडे पाहिलं. "हो. उन्हातूनच."

काचेपलीकडे अंबुजानं मायक्रोफोनकडे पाहिलं, जसं दारात आलेल्या कोणाकडे पाहावं. तिनं घसा साफ केला नाही.

"घोड्यास आधीं पाणी दाखीव," ती म्हणाली. "मग पूस, काय पुसायाचें तें."

क्षितिजनं हात फिरवायला उचलला होता, तो तसाच राहिला. रेघा खाली बसल्या.

"हे अप्रतिम आहे," तो म्हणाला. "पण हे हो आहे की नाही? मला तसं लिहावं लागेल. हो असेल तर दरवाजा उघडायचा, नाही असेल तर बंद ठेवायचा. मधलं काही नाहीये." त्यानं अर्चनाकडे पाहिलं. अर्चनानं खांदे उडवले आणि व्यासराजांकडे पाहिलं.

आत अंबुजा हेडफोन काढायचा कसा ते चाचपत होती. व्यासराज तिच्याकडे पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला नाही, खिशात हात घातला नाही.

"उघडा," ते म्हणाले.